काडतूस बदललं की बंदूक का अडकते?

घनसावंगी, अंबड, परतूर या भागातल्या ज्या मुलामुलींना खरी बंदूक हाताळायला मिळते, त्यांना ती बहुधा एनसीसीच्या शिबिरातच मिळते. तीही 'पॉइंट टू-टू'. पालथं झोपायचं, एक राउंड भरायचा, बोल्ट पुढे ढकलून खाली दाबायचा, श्वास रोखायचा, चाप ओढायचा. मग बोल्ट मागे ओढला की रिकामी पुंगळी टुणकन बाहेर पडते. पुढच्या राउंडला पुन्हा हेच सगळं.

हीच मुलं घरी येऊन टीव्हीवर कोल्हापूरच्या राही सरनोबतला पाहतात आणि चक्रावतात. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला तिने २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं. दोन शूट-ऑफपर्यंत ताणलेली अंतिम फेरी होती ती. तिच्या पिस्तुलातही पॉइंट टू-टूचंच काडतूस, पण बोल्ट कुणी ओढत नाही. प्रत्येक बारानंतर पिस्तूल आपणच पुंगळी फेकतं, आपणच पुढचं काडतूस घेतं. मग प्रश्न येतात: हे आपोआप होतं कसं? आणि होत असेल तर मध्येच 'जॅम' का होतं? एका डबीतली काडतुसं सुरळीत चालतात आणि दुसरीतली, कदाचित जास्त महागडी, चौथ्याच बाराला अडकतात, असं का?

थोडक्यात उत्तर असं, की अशा आपणच पुढचं काडतूस घेणाऱ्या, म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक, बंदुकीत काडतूस नुसतं गोळी फेकत नाही, ते बंदूक चालवतंही. म्हणून 'चांगलं काडतूस कोणतं?' हा प्रश्नच अर्धवट आहे. कोणत्या बंदुकीसाठी, हे आधी सांगायला हवं. आपल्याकडे शस्त्र कायद्याची बंधनं कडक असल्यामुळे सेमी-ऑटोमॅटिक रायफल सामान्य माणसाच्या पाहण्यात फारशी येत नाही. क्रीडा पिस्तूल मात्र बालेवाडीच्या रेंजवर सहज दिसतं. दोघांची यंत्रणा एकाच तत्त्वावर चालते, त्यामुळे पुढचं विवेचन दोघांनाही लागू आहे.

१. कडेतला बार

दिवाळीत टिकल्यांची पिस्तूल वाजवली नाही असा माणूस विरळा. टिकलीवर छोटा हातोडा आपटतो, दोन पृष्ठभागांमध्ये मसाला चिरडतो आणि फट्कन वाजतो. पॉइंट टू-टूच्या काडतुसात हेच घडतं. फरक इतकाच, की इथे मसाला पुंगळीच्या बुडाशी असलेल्या पोकळ कडेत गोल भरलेला असतो. फायरिंग पिन त्या कडेवर आपटते, कड चेपते, मसाला पेटतो आणि आतली दारू पेटवतो. याला रिमफायर म्हणतात. आपल्या लष्कराच्या रायफलींच्या काडतुसांत पेटवणारी टोपी बुडाच्या मधोमध वेगळी बसवलेली असते; ते सेंटरफायर.

कडेतून पेटवण्याची युक्ती जुनी आहे. स्मिथ अँड वेसनने १८५७ मध्ये पॉइंट टू-टू शॉर्ट आणलं आणि आज आपण वापरतो ते लाँग रायफल नावाचं काडतूस १८८७ मधलं. शतक उलटलं तरी ते टिकलंय, कारण ते स्वस्त आहे आणि धक्का फार कमी देतं.

पण या युक्तीची किंमत मोजावी लागते. पिनेने कड चेपायची तर कड पातळ हवी, आणि कड पातळ म्हणजे सगळी पुंगळीच पातळ. त्यामुळे आतला दाब मर्यादित ठेवावा लागतो: रिमफायरमध्ये कमाल दाब साधारण १६५ मेगापास्कल, तर लष्करी ५.५६ मिलिमीटरच्या काडतुसात त्याच्या दुपटीहून जास्त. बंदूक आपोआप चालवायला ताकद लागते आणि इथे ताकदच तोकडी. अडकण्याच्या निम्म्या कहाण्या इथून सुरू होतात.

दुसरी अडचण मसाल्याची. कारखान्यात ओला मसाला पुंगळीत टाकून ती गरागरा फिरवतात, म्हणजे तो कडेत सगळीकडे पसरतो. एखाद्या ठिकाणी पोहोचला नाही आणि पिन नेमकी तिथेच पडली, तर नुसतं 'टक्' वाजतं. असं काडतूस थोडं फिरवून भरलं की पुष्कळदा सुटतं, कारण आता पिन कडेच्या दुसऱ्या भागावर पडते. मधोमध टोपी असलेल्या काडतुसात हा प्रकार संभवतच नाही.

२. बोल्ट मागे जातो कशाने?

पेटलेल्या दारूचा वायू गोळीला पुढे ढकलतो, तसाच पुंगळीच्या बुडाला मागे ढकलतो. एनसीसीच्या रायफलीत बोल्ट फिरवून कुलूपबंद केलेला असतो, म्हणून तो हलत नाही. रिमफायर सेमी-ऑटोमॅटिकमध्ये बहुधा कुलूप नसतंच. बोल्ट केवळ आपल्या वजनाने आणि मागच्या स्प्रिंगने जागेवर थांबलेला असतो. मागे ढकललेली पुंगळी त्याला घेऊन निघते, वाटेत आकडा पुंगळीला धरून ठेवतो, एक खुंटी तिला बाहेर उडवते. स्प्रिंग दबते, मग उलटते, आणि बोल्ट पुढे येताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस ढकलत चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसतं त्या जागेत, नेतो. इतकंच यंत्र.

आता थोडा हिशेब करू. नेहमीच्या गोळीचं वजन २.६ ग्रॅम. बोल्ट समजा २०० ग्रॅमचा. म्हणजे बोल्ट गोळीच्या सुमारे ७७ पट जड, आणि म्हणून ७७ पट सावकाश. गोळी नळीतून १५ सेंटिमीटर पुढे सरकेपर्यंत बोल्ट जेमतेम २ मिलिमीटर मागे आलेला असतो. पुंगळी पुरती बाहेर यायच्या आत गोळी निघून गेलेली असते आणि दाब उतरलेला असतो. कुलपाशिवाय काम निभतं ते या फरकामुळे.

स्पर्धेची गोळी सेकंदाला साधारण ३२७ मीटर वेगाने सुटते, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या किंचित खाली. तिला ७७ ने भागा: बोल्टचा वेग सव्वाचार मीटर. 'हाय व्हेलॉसिटी' काडतुसात त्याच वजनाची गोळी ३८० मीटरने जाते: बोल्ट जवळजवळ पाच मीटरने. फरक किरकोळ वाटतो ना? पण स्प्रिंग दाबायला लागते ती ऊर्जा, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. वेग १६ टक्क्यांनी वाढला तर ऊर्जा ३५ टक्क्यांनी. (वायूचा स्वतःचा धक्का आणि घर्षण मी सोडून दिलंय, त्यांनी आकडे हलतील, चित्र हलणार नाही.)

म्हणजे बंदूक बनवणाऱ्याला आधीच ठरवावं लागतं, की या ३५ टक्क्यांच्या कोणत्या बाजूला आपण उभे आहोत. शेतावर-रानात वापरायच्या परदेशी रायफली बहुधा हाय व्हेलॉसिटी धरून घडवलेल्या असतात. त्यात स्पर्धेची सौम्य काडतुसं भरली, तर बोल्ट पुरता मागे जात नाही. क्रीडा पिस्तुलं याच्या उलट: हलका बोल्ट, बेताची स्प्रिंग, सौम्य काडतुसांसाठी जुळवलेली. त्यात जोरकस काडतूस भरलं तर ते चालेल, पण बोल्ट मागच्या भिंतीवर आदळत राहील आणि हळूहळू बंदुकीचे हाल होतील. 'जोरदार घ्या म्हणजे अडकणार नाही' हा रेंजवर सर्रास मिळणारा सल्ला अर्ध्याच बंदुकांना लागू पडतो.

३. वेगाच्या आकड्याने फसू नका

डबीवर मोठ्या अक्षरात छापलेला असतो तो वेग. बोल्टला मात्र हवा असतो संवेग, म्हणजे वजन गुणिले वेग. काही काडतुसांत वेग वाढवण्यासाठी गोळी हलकी केलेली असते. २.०७ ग्रॅमची गोळी ५०० मीटरने जाते असं धरू. हाय व्हेलॉसिटीच्या ३८० पेक्षा वेग जवळजवळ एक तृतीयांशाने जास्त. पण गुणाकार करून पाहा: २.०७ गुणिले ५०० म्हणजे १०३५, २.६ गुणिले ३८० म्हणजे ९८८. धक्क्यातला फरक पाच टक्क्यांचा! शिवाय अशा काही काडतुसांची पुंगळीच किंचित लांब असते, आणि स्पर्धेच्या बंदुकीचं चेंबर आखूड, घट्ट असतं. त्यात ती भरू नयेत असं बंदुकीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पुस्तिका वाचायचा कंटाळा करू नये.

काडतूस आणि यंत्र यांची ही सांगड किती जुनी आहे बघा. १९०३ मध्ये विंचेस्टरने आपली पहिली सेमी-ऑटोमॅटिक रिमफायर रायफल काढली, तेव्हा बाजारात काळ्या दारूची पॉइंट टू-टू काडतुसं भरपूर होती. काळी दारू जळली की निम्म्याहून अधिक भाग राख-काजळी होऊन मागे उरतो. बोल्ट-रायफलीत ते खपतं, आपोआप चालणारं यंत्र मात्र काही राउंडांतच गच्च व्हायचं. गिऱ्हाईक स्वस्त डबी घेणार आणि शिव्या रायफलीला घालणार, हे ओळखून कंपनीने या रायफलीसाठी वेगळ्या मापाचं, धूरविरहित दारूचंच काडतूस बनवलं. जुनं काडतूस तिच्यात बसूच नये, ही सोय. व्यापारी चलाखी म्हणा हवं तर, पण यंत्राच्या दृष्टीने निर्णय चोख होता.

ऑलिंपिकच्या रॅपिड फायर पिस्तूल प्रकारातही असंच झालं. पाच निशाण्यांवर पाच बार, तेही आठ, मग सहा, मग चार सेकंदांत. हात कमीत कमी उडावा म्हणून नेमबाज आखूड 'शॉर्ट' काडतूस वापरत आणि त्यांची पिस्तुलं खास त्याच्यासाठीच बनलेली असत. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकनंतर नियम बदलला, लाँग रायफल काडतूस सक्तीचं झालं, आणि जुनी पिस्तुलं या प्रकारातून बाद झाली. काडतूस नऊ-दहा मिलिमीटरनेही वाढलं नसेल. पण त्यापायी बंदूकच नवी घ्यावी लागली. २०१२ ला लंडनमध्ये विजय कुमारने या प्रकारात रौप्य मिळवलं ते नव्या नियमाखाली.

४. नाक, मेण आणि मॅगझिन

बोल्ट पुरेसा मागे गेला, म्हणजे काम झालं असं नाही. परत येताना त्याला काडतूस मॅगझिनमधून उचलून, थोडं वर चढवून चेंबरच्या तोंडात घालायचं असतं. या छोट्या प्रवासात गोळीच्या नाकाचा आकार महत्त्वाचा ठरतो. गोल नाक घसरत आत जातं. सपाट नाक कडेवर अडतं. ईली या इंग्लिश कंपनीच्या प्रसिद्ध टेनेक्स काडतुसाचं नाक चपटं असतं आणि बोल्ट-रायफलीत ते अप्रतिम चालतं. पण पिस्तूलवाल्यांसाठी त्याच नावाचं वेगळं, गोल नाकाचं काडतूस निघतं. एसके कंपनीही 'पिस्टल मॅच' वेगळं काढते. महागडी डबी अडकते त्याचं एक कारण हे: ती दुसऱ्या बंदुकीसाठी महागडी असते.

पॉइंट टू-टूच्या गोळीची आणखी एक खोड. बहुतेक आधुनिक काडतुसांत गोळी पुंगळीच्या आत बसते. इथे गोळी पुंगळीएवढीच जाड असते, फक्त तिची बारीक केलेली टाच आत खोचलेली असते. म्हणजे मऊ शिसं सगळं उघड्यावर, आणि नळीत शिसं चिकटू नये म्हणून त्यावर मेण किंवा वंगणाचा थर, तोही उघड्यावर. भरताना नाक आपटलं तर शिशाला खोक पडते किंवा गोळी वाकडी होते. बार झाला तरी नेम जातो. काहींवर तांब्याचा पातळ मुलामा असतो. तो घासत नाही, हाताला चिकटत नाही, पण अचूकतेत स्पर्धेच्या मेणवाल्या गोळीला सहसा गाठत नाही.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे मेण छळतं. चाळीस अंशांच्या पुढे तापलेल्या गाडीच्या डिकीत डबी राहिली, की थर मऊ होतो आणि काळ्या रानातली बारीक धूळ त्यावर बसते. मग ते चेंबरच्या तोंडाशी साचतं, जळक्या दारूशी मिसळून कडक कडं तयार होतं आणि काडतूस शेवटचा एक मिलिमीटर आत जायला नकार देतं. साफसफाई करताना लोक नळीत फडका घालतात, कारण नळी दिसते. खरा मळ बोल्टच्या तोंडावर, आकड्याखाली आणि चेंबरच्या कडेशी असतो. आधी तिथे हात घालावा. आणि तेल बेताचं लावावं, कारण ओथंबलेल्या तेलाला धूळ अधिकच धरते.

राहिलं मॅगझिन. काडतुसाची कड बाहेर आलेली असते, सुमारे ७ मिलिमीटर व्यासाची. ती एकावर एक रचताना प्रत्येक वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे यायला हवी. उलट झालं, की वरचं पुढे सरकताना खालच्याच्या कडेत गुंततं. रुगर कंपनीने १९६४ मध्ये १०/२२ ही रायफल काढली तेव्हा हा तंटाच मिटवला: मॅगझिनमध्ये फिरणारं चाक, त्याच्या प्रत्येक खाचेत एक काडतूस, कडा एकमेकींना भेटतच नाहीत. बाकीच्यांनी काडतुसं भरताना बोटांनी लक्ष ठेवायचं. मॅगझिनचे ओठ पडून वाकले, स्प्रिंग थकली, तर कुठलंही काडतूस वाचवू शकत नाही. म्हणून मॅगझिनवर क्रमांक टाका. अडकणं नेहमी दोन नंबरवरच होत असेल, तर डब्या बदलत बसण्यात पैसे जातील.

५. अडकली म्हणजे नक्की काय झालं?

'अडकली' हे निदान नाही. बंदूक सुरक्षित दिशेला धरून आधी पाहा, काय दिसतंय.

पुंगळी बाहेर पडता पडता बोल्टच्या चिमट्यात उभी अडकली असेल, तर बोल्ट पुरेसा मागे गेला नाही किंवा लवकर परतला. काडतूस सौम्य किंवा यंत्र मळकं. पुंगळी चेंबरमध्येच बसून राहिली असेल, तर चेंबर घाण किंवा आकडा झिजलेला. नवं काडतूस नाकावर आपटून तिरकं थांबलं असेल, तर नाकाचा आकार किंवा मॅगझिन. आणि बोल्ट नीट मिटलाय, चाप ओढलाय, पण बार नाही, तर ते काडतूस काढून त्याची कड पाहा. ठसा खोल असूनही पेटलं नसेल तर दोष मसाल्याचा. ठसा उथळ असेल तर पिनेचा, स्प्रिंगचा, किंवा बोल्ट पुरता मिटला नव्हता याचा.

ते काढायची मात्र घाई नको. क्वचित मसाला उशिरा पेटतो. नळी निशाण्याकडेच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबावं.

एक प्रकार खरोखर धोक्याचा आहे. बार 'फुस्स' वाजतो, धक्का जाणवत नाही: दारू नीट जळलेली नाही आणि गोळी नळीतच राहिली आहे. इतक्या कमी जोरावर बोल्टही मागे जात नाही, म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक बंदूक स्वतःहून पुढचं काडतूस घेत नाही. घात करते ती सवय. अडकली की हाताने बोल्ट ओढून पुढे चालू, हे अंगवळणी पडलेला नेमबाज इथेही तेच करतो, आणि पुढची गोळी आधीच्या गोळीवर जाऊन नळी फुगते. आवाज वेगळा आला की थांबायचं, बंदूक रिकामी करायची, नळीतून आरपार दिसतंय का ते पाहायचं.

६. किती राउंड झाडले म्हणजे खात्री?

नवी डबी आणली, पन्नास राउंड झाडले, एकही अडकला नाही. झाली का खात्री? इथे गणित अगदी निष्ठुर आहे.

संख्याशास्त्रात एक सोपा ठोकताळा आहे. अमुक इतक्या प्रयत्नांत एकही चूक झाली नसेल, तर ३ ला त्या संख्येने भागा; चुकांचं खरं प्रमाण बहुतेक करून त्याच्या आत असतं. पन्नास राउंडांसाठी ३ भागिले ५०, म्हणजे ६ टक्के. तुमची निर्दोष वाटणारी जोडी शंभरात सहा वेळा अडकणारी असू शकते! ३०० राउंड विनातक्रार गेले तर म्हणता येतं, की प्रमाण १ टक्क्याच्या आत आहे.

१ टक्का म्हणजे चांगलंच की, असं वाटेल. २५ मीटर पिस्तुलात नोंदीचे ६० बार असतात. प्रत्येक बार बिनबोभाट जाण्याची शक्यता ०.९९, साठही तसे जाण्याची शक्यता ०.९९ चा ६० वा घात, म्हणजे ०.५५. शंभर स्पर्धांपैकी पंचेचाळीस स्पर्धांत निदान एकदा अडकणार. हजारात एक असं प्रमाण असेल तर हा आकडा सहावर येतो. म्हणून गंभीर नेमबाज एकाच लॉटची काडतुसं एकदम घेतात, डबीवरचा लॉट क्रमांक वहीत उतरवतात आणि प्रत्येक अडकणं मॅगझिनच्या क्रमांकासकट लिहितात. कंटाळवाणं काम आहे. पण 'ही कंपनी बेकार' अशा रेंजवरच्या गप्पांपेक्षा ती वही अधिक खरं सांगते.

७. नियमपुस्तकातलं 'चुकीचं काडतूस'

आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघाने अडकण्याचे दोन वर्ग पाडले आहेत: माफ आणि बिनमाफ. गोळी नळीत राहिली, चाप ओढूनही काडतूस सुटलं नाही, पुंगळी बाहेर पडली नाही, पिन मोडली, तर माफ. खेळाडूला पुन्हा संधी मिळते. पण अधिकारी येण्याआधी खेळाडूने स्वतः यंत्रणेला हात लावला, तर बिनमाफ. सेफ्टी उघडायची राहिली, मॅगझिन नीट बसवलं नाही, तरी बिनमाफ. त्याच यादीत स्वच्छ लिहिलंय: पिस्तुलात चुकीचं काडतूस भरलेलं असेल तर बिनमाफ. आणि शेवटी एक व्यापक कलम, की खेळाडूला वाजवी काळजी घेऊन टाळता आलं असतं असं कोणतंही कारण.

म्हणून अडकल्याबरोबर अनुभवी खेळाडू पिस्तुलाशी झटत नाही. नळी निशाण्याकडे, पकड तशीच, बोट चापावरून बाहेर, आणि मोकळा हात वर. बाकीचं अधिकारी पाहतो. बिनमाफ ठरलं, तर न सुटलेल्या प्रत्येक गोळीला शून्य मांडतात. पाचाऐवजी चारच काडतुसं भरली गेली असतील, तर पाचव्यालाही.